अंदाजे

भावनगरी नकोत, त्या नुसत्या ढोल्या.
बोटभर, पोपटी, वाकड्या देठाच्या घ्या, अर्धा किलो –
कुंदाने पलंगावरून सांगितलं.
चारकोपच्या बाजारात रामसुमेर म्हणाला,
साहेब, जहाल की मध्यम?
बत्तीस वर्षं गोदीत माल मोजला मी,
टनांचे कागद केले,
आणि मिरचीपाशी अडलो.
म्हटलं, घरी विचारून सांगतो.

धुतल्या. पुसल्या. एकेक.
पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी धरते,
म्हणून तिने जुना सुती परकर फाडून दिला.
उभी चीर द्यायची, देठ ठेवायचा.
चौदाव्या मिरचीनंतर मी डोळा चोळला.
पुढची पंधरा मिनिटं सांगण्यासारखी नाहीत.

ऊन आमच्याकडे अकरा दहाला येतं
आणि साडेबाराला समोरच्या टॉवरमागे जातं.
तेवढ्यात परात ग्रिलमध्ये ठेवायची,
कबुतरं हाकलायची,
सावली सरकेल तशी परात सरकवायची.
तीन दिवस मी उन्हाची ड्यूटी केली.

तापात तिची चव गेली, त्याला सात महिने झाले.
वासही गेला.
येईल, डॉक्टर म्हणाले. कधी, ते अंदाजे.
हापूस तिने ओला कापूस चावावा तसा चावला.
मी आमटीत मीठ विसरतो
आणि ती काही बोलत नाही.

मोहरीची डाळ किती?
अंदाजे.
गूळ?
मिरच्या बुडतील इतका.
पाणी?
नावसुद्धा काढू नका. व्हिनेगर.
मेथी?
तुमच्या स्वभावाइतकी.
मी चिमूटभर कमीच घातली.

गूळ विरघळू लागला तशी
खुर्ची ओढून ती ओट्याजवळ बसली, डोळे मिटून.
पूर्वी वासावर ओळखायची.
आता कान लावला.
अजून बुडबुडे बारीक आहेत, थांबा.
आता जड बोलतायत. उतरवा.
मी बोटांत धरून पाहिलं :
एक तार, तुटेल तुटेल म्हणते आणि तुटत नाही.

मिरच्या पडल्या तसा खाट उठला.
मला ठसका लागला. तिलाही.
वास येत नाही तर ठसका कसा लागतो,
हे दोघांनाही तेव्हा सुचलं नाही.

बरणी कॉफीची, लेकीने आणलेली, रिकामी.
रोज सकाळी हलवायची, उघडायची नाही.
सहाव्या दिवशी उघडली.
मी खाल्ली. म्हटलं, छान.
छान म्हणजे काय? आधी गोड की आधी तिखट?
आयुष्यात मला असं कोणी विचारलं नव्हतं.
नीट आठवून सांगितलं :
आधी गोड, मग आंबट, मग जरा वेळ काहीच नाही,
आणि मग तिखट,
थकलेलं भाडं मागायला आल्यासारखं.
मग बरोबर, म्हणाली.

आणि स्वतः एक अख्खी उचलली.
चावली. चावत राहिली, कापूस.
मग जबडा थांबला.
नाक वाहू लागलं. कानाच्या पाळ्या लाल.
अहो, जळतंय.
पाणी देऊ?
नको.
साखर?
नको म्हटलं ना. राहू दे जरा.

गोड काहीच कळलं नाही, म्हणाली नंतर,
पदराने डोळे पुसत.
मी बरणीला झाकण लावायला गेलो
तर तिने हात आडवा घातला.