चार मिनिटं अकरा सेकंद

यंत्र टेबलावर ठेवलं तेव्हा
नेटी कारगिलनं आधी त्याच्याखाली विणलेला रुमाल सरकवला.
"ओरखडे पडतात," म्हणाली.
टेबलाला की यंत्राला, ते विचारायचं राहून गेलं.

नाव सांगा, वय सांगा, आज सकाळी काय खाल्लंत ते सांगा.
आवाज नीट येतोय का बघायला मी सगळ्यांनाच हे विचारतो.
"एक्याण्णव. ओटची लापशी, मीठ घालून.
साखर घालणाऱ्यांवर माझा भरवसा नाही."
पडद्यावरची रेघ उड्या मारायला लागली.
डंडी शहर, टे नदीवरची चढण, तिसरा मजला,
आणि खिडकीच्या कठड्यावर एक सीगल
जो मुलाखतभर पाव मागत राहिला.

पहिला तास ती नुसती बोलत होती.
बंगालहून गलबतं भरभरून येणारा ताग,
तो मऊ करायला तेल, पूर्वी म्हणे देवमाशाचं,
नाचाच्या हॉलमध्ये दिवे गेले तरी
वासावरून कळायचं, पोरगी गिरणीतली.
विणकरणी हॅट घालून कामाला जायच्या, हातमोजेसुद्धा.
सूत काढणाऱ्या बायका शालीत.
"आम्ही नाक वर करून चालायचो.
पगारात फरक किती? चहापावाचा."
बापाला अठरावं लागलं आणि गिरणीनं काढून टाकलं,
मोठ्या माणसाचा पगार कोण देणार!
मग तो जन्मभर घरी, पोरं सांभाळत.
"किटली-उकळे म्हणायचे अशांना.
चहा मात्र भिकार करायचा."
मी हसलो. ते हसू मुद्रणात आहे, असायला नको होतं.
आम्हाला शिकवतात: हसू नका, हुंकार देऊ नका,
नुसती मान डोलवा.

मग यादीतला एकोणिसावा प्रश्न:
दोनशे माग एकदम चालू असताना
तुम्ही एकमेकींशी बोलायचात कशा?

"अशा,"
आणि तिनं आवाज बंद केला.

ओठ मोठे झाले, प्रत्येक अक्षर दातांवर ठेवून दाखवल्यासारखं.
मनगटावर दोन बोटं: वाजले किती.
हनुवटीवरून ओढलेला तळवा: दाढीवाला मुकादम येतोय.
एवढं मला कळलं.
मग तिची नजर माझ्यावरून सुटली,
माझ्या डाव्या खांद्यामागं, तीन माग पलीकडं जाऊन थांबली
आणि हात भरभर चालू लागले.
पोटाशी. दाराकडं. पुन्हा पोटाशी.
मूठ उघडली, आत काही नव्हतं.
मान: नाही, नाही. मग: हो.

रेघ आडवी पडलेली.

कोण होतं पलीकडं?
"इझी डथी."
काय म्हणाली?
नेटीनं रुमालाचं टोक सरळ केलं.
"ते आवाजात कधी नव्हतंच, बाळा.
आता कुठून आणू?"

संग्रहालयात फिनलेनं कानावरचे हेडफोन काढले.
"इथं रिकामं आहे. कापू?"
नको म्हणालो.
तक्त्यात 'विषय' असा रकाना असतो.
'हातांची भाषा' लिहिलं, खोडलं.
'शांतता' लिहिलं, तेही खोडलं;
दोनशे माग चालू होते तिथं.
शेवटी नुसती वेळ लिहिली.

मंगळवारी दुसरं घर. जहाजांवर नावं रंगवायचा तो,
ब्रश हातात घेऊनच बसला होता.
अक्षर सरळ कसं येतं, विचारलं
तर म्हणाला, श्वास रोखून,
आणि रोखून दाखवला.
या वेळी मी घड्याळाकडं पाहिलं नाही.

रात्री कधीतरी नेटीची ती चार मिनिटं लावतो.
फ्रीजची घरघर, सीगल,
आणि नीट कान दिला तर
लोकरीच्या बाह्या एकमेकींवर घासल्याची खसखस.
दोन मिनिटं चाळीसला ती थांबते.
इझी बोलतेय.