उन्हात टांगलेलं निळं

एर्मेलिंदाबायनं पिशवी
माझ्या मशीनवर उपडी केली.
इनासचे बोटीवरचे अकरा शर्ट,
पांढरे, खांद्यावर फितींच्या रिकाम्या पट्ट्या.
"ह्यांची वाकळ शिव.
बोट सोडून चार वर्षं झाली,
तरी मे महिन्यात थंडी वाजते म्हणतो.
केबिनातला एसी हाडांत भरून आणलाय मेल्यानं."

एक शर्ट मुठीत चुरगळला, सोडला.
सुरकुती नाही.
शिवणीतला धागा काढून मेणबत्तीवर धरला.
राख झाली नाही, काळा मणी झाला.
टेरिकॉट.
सुई जाईल, पण दर टाक्याला कुरकुरेल.

"वरून चालतील," मी म्हटलं,
"अंगाला लागेल ते अस्तर मात्र सुती हवं, मऊ पडलेलं.
रंग कुठला घालू?"
"निळा."
"दर्यासारखा?"
"दर्या नको. दर्या त्यानं पुरे बघितला.
आमच्या खिडकीचा निळा.
लग्नाच्या वर्षी मारला होता,
आता उरलाय तेवढाच निळा."

म्हणून आसगावला गेले.
बाल्कांवात इनास बसला होता,
गुडघ्यांवर टॉवेल घेऊन,
मी खिडकीला नख का लावते ते बघत.
काही विचारलं नाही त्यानं.
एक पोपडा निघाला,
तो काडेपेटीत ठेवला.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
काडेपेटी उघडत, मिटत फिरले.
शाळेच्या गणवेशाचा निळा फार शिस्तीचा.
ताडपत्रीचा निळा हात लावला की बोलायलाच लागतो.
फेस्ताला सायबिणीच्या झग्यातून उरलेलं सॅटिन
एकीनं कागदातून काढून दाखवलं;
त्याला कात्री लावायचा मला धीर नव्हता.
चोरिसांच्या माळांपलीकडे
जुने कपडे विकणारीनं एक नायटी धरली उजेडाला,
"हो घे, सात पावसाळे धुतलाय,"
रंग जवळपास जुळत होता,
पण सगळीभर पोपट होते.

दीड वाजता दिवकरांच्या दुकानात टेकले.
मुकुंद दिवकरांनी तागे उलगडले, धप, धप,
पॉपलिन, केंब्रिक, रुबिया,
फळीवर निळ्यावर निळा.
मी काठ ओला करून बघितला, बोटं रंगली.
खळ सगळी अंगात,
नव्या कोऱ्या कापडाला अजून
कुणाच्या अंगाची ओळख नसते.
"बाय, तुका नक्की कितें जाय?"
मी काडेपेटी पुढे केली.
त्यांनी चश्मा वर करून पोपडा बघितला,
मग माझ्याकडे बघितलं, आणि गप्प बसले.

तेवढ्यात ऊन फळीवर चढलं.
ते सवयीनं उठले
आणि दारावरचा पडदा ओढला.

मांजरपाट.
घडीत गडद, घडीबाहेर फिका,
उभे उभे पट्टे पडलेले,
अर्धी उघडी झडप असावी तसे.
पोपडा त्यावर ठेवला
आणि मला तो सापडेना.

"तें विकपाचें न्हय गो," दिवकर म्हणाले,
"तें वतासाठीं."

मी त्यांच्याच ताग्यातला
सगळ्यात भडक निळा अडीच मीटर फाडून घेतला,
पैसे मोजले,
आणि स्टुलावर चढून
जुन्या पितळी कड्या एकेक करून
नव्या कापडात घातल्या.
खाली उतरले तर अख्खं दुकान निळं झालेलं,
गल्ल्यावरचा गणपती, पट्टी, दिवकरांचे पांढरे केस.
"डोळ्यांत जाता हें," ते पुटपुटले.
"थांबा थोडी वर्षं," मी म्हटलं, "उतरेल.
मग मलाच द्या."

त्यांनी कानावरचा खडू काढला,
पडद्याच्या आतल्या काठावर, ऊन पोचणार नाही तिथे,
माझं नाव लिहिलं
आणि त्याखाली आजची तारीख.