सहावा रकाना

'नोकरी देणाऱ्याचे नाव.'
मी आधी लिहिलं, नाही.
मग खोडून, लागू नाही.
गुरुदास म्हणाला, दर्या लिही,
निदान खोटं तरी नाही.

तो शापोऱ्याच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं खोलतो.
मी शिवोलीत, पडवीत मशीन टाकून
जत्रेच्या नाटकांचे कपडे शिवते.
सात राजे, दोन विदूषक, एक नारद
गेल्या हंगामात माझ्या हातून गेले.
पावसाळ्यात होड्या वाळूवर,
चैत्र सरला की राजे पेटीत.
म्हापशाचा बोर्जिस चष्म्यावरून विचारतो,
"महिन्याचं उत्पन्न किती?"
कुठल्या महिन्याचं, बाब?

लोर्नाबाई घर बघायला आल्या तेव्हा
मी सुया मोजून डबीत ठेवल्या होत्या.
गुरुदासनं तीनदा साबण लावला,
तरी बोटांच्या पेरांत डिझेल होतंच.
बाईंनी विहिरीवरची जाळी हलवून पाहिली,
मांजराचं नाव विचारलं,
आणि मग, बशीतला लाडू न मोडता,
"बाळ आजारी पडलं तर?"
आम्ही दोघं एकदम म्हणालो, नेऊ.
एवढ्यानं पान भरत नव्हतं.
कुठे नेणार, कुणाच्या पैशानं,
हे त्यांना छापील हवं होतं.

म्हणून बोर्जिस. म्हणून हा अर्ज.

पाच वर्षांपूर्वी गुरुदासला साखर निघाली.
"लिहायलाच पाहिजे असं नाही," बोर्जिस हळूच म्हणाला,
आणि पंख्याकडे बघत राहिला.
गुरुदासनं लिहिलं. तारखेसकट, गोळीच्या नावासकट.
बाहेर आल्यावर मी भांडले, शुक्रवारच्या बाजारात,
चणकाच्या केळ्यांच्या ढिगापाशी, लोक बघत होते.
तो म्हणाला, ज्याला घरात आणायचं
त्याच्या पहिल्याच कागदावर खोटं कशाला?
हप्ता दीडपट झाला.
साखरेसाठी तीन वर्षं थांबायचं, असं ठरलं.
साखर काही थांबणार नव्हती.

आणि चौदाव्या पानावर, खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
नवजात म्हणजे विमाधारक स्त्रीच्या पोटी जन्मलेले.
पोटी.
मी तो शब्द बोटानं दाबून धरला,
कापड सरकू नये म्हणून धरतात तसा.
बाकीचं मूल नूतनीकरणाच्या वेळी जोडता येईल.
नूतनीकरण एप्रिलमध्ये.
म्हणजे ते ऑगस्टमध्ये आलं
तर एप्रिलपर्यंत त्यानं ताप आणू नये,
कान दुखवून घेऊ नये, पायरीवरून पडू नये,
आठ महिने जरा सांभाळून घ्यावं.
बोर्जिसनं चष्मा काढला.
"मी नाही गो बाय हे लिहिलेलं," म्हणाला,
आणि स्वतःच्या पैशांनी चहा मागवला.

रात्री मशीनवर कृष्णाचा पीतांबर होता.
मये गावचा पोरगा, कंबर वीस इंच,
माप घेताना एका पायावर उभा राहिला
आणि टेप काखेत लागला म्हणून खिदळला.
त्यातूनच वीतभर पिवळं उरलं.
मी ते बाजूला ठेवलं.
मग कापलं.
कुणाचं माप, विचारू नका.
दोन महिन्यांचं असेल, दोन वर्षांचं असेल,
मुलगी असेल, कावीळ होऊन गेलेली असेल,
कुणीच मला काही सांगितलेलं नाही.
अशा वेळी शिवणारा एकच गोष्ट करतो:
आत माया जास्त सोडतो,
उसवून वाढवता येईल एवढी.

गुरुदास दाराशी येऊन उभा राहिला.
काय शिवतेस ते त्यानं विचारलं नाही.
एवढंच म्हणाला, बोर्जिसचा फोन होता,
सहावा रकाना रिकामा चालत नाही,
संगणक पुढे जाऊ देत नाही.

मी दातांनी दोरा तोडला.
"मग दर्या लिही," म्हटलं,
"आणि नावापुढे
कायमस्वरूपी लिही."