नग एक

तिसरा डेमो. जिंतूर रोडवरच्या हापिसात
इन्व्हर्टरवर एकच पंखा, तो पुण्याच्या पोराकडं वळवलेला.
पहिलं सॉफ्टवेअर डोक्यामागं दरमहा पैसे मागत होतं.
मालक म्हणाले, आम्ही गुत्तेदार माणसं,
आमची डोकी रोज बदलतात.
दुसऱ्यात ब्रास नव्हता.
वाळू किलोत टाका, म्हणाला तो.
मी विचारलं, ओली का कोरडी?
तो हसला. आम्ही नाही.

या तिसऱ्यानं कॅलेंडर उतरवून
भिंतीवर उजेड पाडला.
हिरव्या डब्यात सेलूची पाण्याची टाकी,
पिवळ्यात दुधनेवरचा पूल,
अठ्ठावन्न टक्के, निमूट, शहाण्या पोरासारखा.
तीन वर्षं झाली, तो पूल कुणाचं ऐकत नाही.

मला हवं होतं हे. खोटं कशाला बोलू.
रात्री दीडला चालू बिल जुळवताना
एक्सेलच्या घरात नुसत्या जाळ्या उमटतात,
तेव्हा मी एकटी असते, आणि शेजारच्या गॅरेजचं कुत्रं.
जालन्याच्या सळईचं एकच चलन
गेल्या साली दोनदा चढलं, दोनदा पैसे गेले.
चूक माझी होती. मालक काही बोलले नाहीत,
तेच बोचतं.

खाजामामू स्टोअर बघतात, एकतीस वर्षं.
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात
रजिस्टरं घालून आणली होती त्यांनी.
पोरानं नमुन्याला एक पान मागितलं,
मी वाचत गेले, तो भरत गेला:
दोन पोती, जमली, ताडपत्री फाटकी.
आठ एमएम, दीड फूट, वॉचमनच्या सायकलीला.
एक पोतं, गयाबाईच्या मोरीला. मालकाला विचारलं नाही.
एक टँकर पाणी. लगीन होतं.

हे सगळं घटीत जाईल, पोरगा म्हणाला,
फक्त कारण निवडायचं.
यादी खाली उलगडली:
चोरी
नासाडी
मोजणीतली चूक
इतर

मामूंनी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेले,
त्यांच्या पाठीवर चारही कारणं उमटली.
चोरी सबसे उप्पर कायको?
ते आपोआप तसंच येतं, सर.
सर म्हटल्यावर मामूंनी मागं वळून बघितलं,
दारात कोणी आलंय का.

मग मी विचारायचं ते विचारलं.
नदीच्या पात्रात रेंज नसते, तिसऱ्या खांबावर चढावं लागतं.
चालतं, नंतर जुळवून घेतं.
मराठीत टाकता येतं? येतं.
शेऱ्याला जागा किती?
अडीचशे अक्षरं.
बस हैं, मामू म्हणाले,
मैं इत्ता नै बोलता.

विश्वंभर डोईफोडे, आमचे मालक,
चहाच्या कपालाही दर पाडून मागणारा माणूस,
इतका वेळ मोबाइलवर खडीचे भाव बघत होते.
मान वर न करता म्हणाले,
ते चोरी खाली घ्या.
पोरगा म्हणाला, यादी बदलायची तर
कस्टमायझेशन लागतं, वेगळा चार्ज.
किती?
अठरा हजार, जीएसटी सोडून.

पंख्याचा आवाज येत राहिला.
मला वाटलं, आता हे उठतील,
अठरा हजारांत किती ब्रास खडी येते ते सांगतील.
सोळा करा, म्हणाले.
साडेसोळावर मिटलं.

एक एप्रिलपासून सुरू झालंय.
ब्रास आहे. पूल एकसष्टवर अडलाय.
मामू एका बोटानं टाइप करतात,
रजिस्टरही लिहितात, मी बघितलं नाही असं दाखवते.
काल पुण्याहून बिल आलं:
यादीतील क्रम बदलणे. नग १.
मोजमाप तपासलं,
सही केली.