ठराव क्रमांक सात

तारीख लिहिली. वेळ लिहिली. जागा, गोटुलासमोरचं मैदान.
हजर बाया एकोणतीस, माणसं चौतीस,
आणि लच्चू नरोटीच्या काखेत एक कोंबडा,
तो मी धरला नाही.

विषय : शुक्रवारचा कोंबडबाजार
नदीपलीकडून आपल्या शिवारात आणावा काय.
ठेकेदाराचा निरोप आहे,
मांडव माझा, बत्ती माझी, वरचं सारं मी पाहतो,
ग्रामसभेला दर शुक्रवारी अकरा हजार.
पहिले अकरा त्याचा माणूस घेऊनच आलाय.
वारा सुटला म्हणून ते पाकीट
मी रजिस्टरच्या पानावर ठेवलं.

कान्हू पुंगाटी उभा राहिला,
दोन वर्षं नागपुरात काढून आलेला.
"अमेरिकेत नवाहो म्हणून आदिवासी हायत.
त्याइनं सोताच्या जमिनीवर कॅसिनो उघडले.
जुगार त्याइचा, गल्ला बी त्याइचा.
पोट्ट्याइले नोकऱ्या भेटल्या.
आपुनच काहून बांबू मोजत रायचं?"
टाळ्या पडल्या.
पेन कानाला लावून मीही वाजवल्या.

मैनी हलामी बसल्या जागेवरून बोलली,
"माहे चने-मुरमुऱ्याचे एका शुक्रवारी आठशे होतेत.
इथं आला बाजार तं डोंग्याचे वीस वाचतीन."
हे मी शब्दाला शब्द लिहिलं.
मैनीचं कोणी लिहीत नाही.

मग डोगे कुमोटी उठला
आणि सगळे गप्प झाले,
कारण कोंबड्याच्या पायाला काती बांधावी तर डोगेनंच.
उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत त्याची.
सगळ्यांना वाटलं, हा तर हो म्हणणारच.
"कान्हू," तो म्हणाला, "तिथं हारते कोन?"
"बाहेरचे, काका. गाड्या घेऊन येतेत शहरातून."
"सारेच?"
कान्हूनं मोबाईल काढला.
टॉवर नव्हता.
"आन आपल्या इथं?"

हे मला माहीत होतं.
मागच्या शुक्रवारी पलीकडे जाऊन
मी चिंचेखालच्या मोटारसायकली मोजल्या होत्या.
एकशे अडतीस.
लांबच्या पासिंगच्या बावीस.
बाकीच्यांचे नंबर वाचावे लागले नाहीत,
कोणाचा आरसा कधी फुटला तेही मला ठाऊक आहे.
तेंदूचा बोनस वाटला त्या शुक्रवारी
ठेकेदारानं दोन बत्त्या जास्तीच्या लावल्या होत्या.
अकरा हजार पुढच्या दारानं येतील,
मागच्या दारानं किती जातात
याचा रकाना छापील रजिस्टरात नाही.

हे सगळं उभं राहून सांगायचं होतं.
पण दहावीच्या फॉर्मचे पैसे भरायची शेवटची तारीख होती तेव्हा
बाबाचा तांबडा कोंबडा जिंकला होता.
हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा, असा नियम,
आम्ही तो रस्सा करून खाल्ला.
ज्याचा हरला तो पोटावी
आज माझ्यासमोर तिसऱ्या रांगेत बसलाय,
त्याची पोरगी नववीनंतर घरीच आहे.
मी आकडे सांगितले.
ही गोष्ट नाही सांगितली.

हात वर करा म्हटलं.
वर गेले, अर्ध्यात थांबले, बाजूचा हात पाहून खाली आले.
लच्चूचा कोंबडा भर दुपारी आरवला
आणि लोक हसले, मोजणी गेली.
मी लिहिलं, चर्चा अपुरी, विषय पुढच्या सभेत घ्यावा.
पाकीट परत दिलं.
ठेकेदाराच्या माणसानं ते मोजून घेतलं, माझ्यासमोर, दोनदा.

सगळे पांगल्यावर डोगे मागे थांबला.
उद्या शुक्रवार. पलीकडे जायचं होतं त्याला,
पोट पुढच्या सभेपर्यंत थांबत नाही.
"बाई, दोरा हाय का? लाल?
काती बांधाले माहा सरला."
रजिस्टर बांधायची सरकारी लाल दोरी होती माझ्याकडे.
मी दातानं वीतभर तोडली.
त्यानं ती ताणून पाहिली,
चांगली आहे म्हणाला.