चिमूटभर कमी

आदेलिनुकाकाला उचलून नेलं त्या पहाटे
पाव भट्टीतच राहिले.
करपले, तरी विकले गेले.
आलेंतेजूतल्या आमच्या गावात दुसरी भट्टी नव्हती.

आठवड्याने दवाखान्यातल्या लुदोविनाने
बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला,
पाऱ्याकडे बघत राहिली.
म्हणाली, बेल्मिरु, एकट्या तुझा नाही,
सगळ्या गावाचाच दाब चढलाय.
पिठात मीठ किती घालतोस?

मूठभर, बाबा म्हणाले,
आणि स्वतःच्या मुठीकडे पाहिलं.

त्या रात्री माळ्यावरून तराजू उतरला.
दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
पाच ग्रॅम कमी.
कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.
सिगारेटचं पाकीट भट्टीत गेलं,
तेवढं मात्र मी पाहिलं.

गाव खात राहिलं,
लसणाच्या सूपात बुडवून, ऑलिव्हच्या तेलात माखून.
एकदाच म्हातारा झेफेरिनु
चावता चावता थांबला.
बाबांचा हात फडक्यातच थिजला.
“यंदाचा गहू गोड आहे,” तो म्हणाला,
आणि आणखी एक पाव मागितला.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
बाबा न खाल्लेल्या मिठाला जागले,
पहाटे तीनपासून,
अठरा महिने.

किती जण वाचले?
ते वहीत नाही.
वहीत नुसते उतरते आकडे,
पिठाचे डाग,
आणि शेवटच्या पानावर, समासात, वाकड्या अक्षरात:

आदेलिनु,
तू असतास तर पहिल्याच घासाला ओरडला असतास.
अळणी!