हुर्यो

सकाळपासून घसा राखून ठेवला होता.
चहा दोनदाच, तोही आल्याचा.
बायको म्हणाली, कुठे कीर्तन आहे की काय?
म्हटलं, इटारसीची मॅच आहे.
तिने एकदा बघितलं माझ्याकडे
आणि मफलर काढून दिला.

जानेवारीत भुसावळच्या रेल्वे मैदानावर
धूळसुद्धा गार असते.
पूर्वेच्या पायऱ्यांवर आमची ठरलेली जागा.
लोको शेडमधून रिटायर झालेले आम्ही तिघं:
जगन्नाथ भिरूड आणि त्याचा पत्र्याचा डबा,
डेरिक फर्नांडिस, जो पंचाला इंग्रजीत शिव्या देतो
आणि देवाची माफी मराठीत मागतो,
आणि मी.
आज पंचाचं काही खरं नव्हतं असं नाही,
पण आज लुकमान तडवी होता.

पालच्या पुढच्या पाड्यावरचा पोरगा.
बांबूच्या मुळीने खेळत मोठा झालेला.
दोन रविवार आमच्याकडे ट्रायलला आला,
उजव्या कडेने पळायचा तर
ओढा उतरतोय असं वाटायचं.
तापी क्लबची निळी जर्सी, दहा नंबर,
घडी घालून पुढे ठेवली, वर नारळ.
बामणोदची वीस किलो वांगी
पळाट्यांवर भाजली त्याच्यासाठी.
तो जेवला. पुऱ्या दोनदा मागितल्या.
जर्सीची घडी न मोडता म्हणाला,
"विचार करून सांगतो."
चौथ्या दिवशी इटारसीत सही.

घडी न मोडता.
हे आम्ही वर्षभर चघळतोय.

"बॉल त्याच्याकडे गेला की हुर्यो," भिरूड म्हणाला,
"दर वेळी. सुट्टी नाही."
फर्नांडिसने शेंगा सोलत सोलत म्हटलं,
"इटारसीने नोकरी दिली, भो.
आपण भरीत दिलं."
"मग? भरीत फुकट येतं?"

हसलो आम्ही.
पण मला मधूनच वामन झोपे आठवला,
सेंटर हाफ, अकरा वर्षं,
गुडघा गेला त्या साली
फळ्यावरून त्याचं नाव गेलं.
ओलं फडकं, एक हात, झालं.
संध्याकाळी तो फळ्यापुढे उभा होता,
वाळत चाललेल्या ओलीकडे बघत.
पायऱ्यांवरून कुणी ब्र काढला नाही.
क्लब नाही म्हणतो तेव्हा
हुर्यो कुणाकडे तोंड करून उडवायची?
फडकं माझ्या हातात होतं.
सेक्रेटरी होतो मी तेव्हा.

शिट्टी वाजली.
तिसऱ्या मिनिटाला बॉल लुकमानकडे,
आणि विचारबिचार बाजूला राहिला.
पोटातून आली ती.
सगळ्या पायऱ्यांवरून, डब्यासकट,
कोळशाची मालगाडी मागून जात होती
तिच्यावरही चढली.
त्याने नुसती मान वर केली.
"बघा, मस्ती बघा," भिरूड ओरडला.
पुन्हा बॉल, पुन्हा हुर्यो,
पुन्हा त्याची मान वर.
शेवटचा पेनल्टी कॉर्नर त्याने मारला
तो खांबाच्या वीतभर बाहेरून गेला.
आम्ही जिंकलो, एक-शून्य.
बॉल आमच्यामुळे हुकला
की मैदान तिथे खचलंय म्हणून,
यावर अजून वाद चालू आहे.

नळावर पाणी प्यायला तो आला.
मी मफलर वर ओढला, उगाच.
"काका, तुमचाच आवाज व्हता ना?
वळखला मी.
ट्रायलले तुम्ही याच आवाजात ओरडायचे,
लुकमान, मान वर, बॉलकडे नको बघू!
आजबी तोच आला कानात.
सवयीनं वर झाली मान."
ओंजळ झटकली, हसला,
आणि बसकडे गेला.
वाईट वाटून म्हणाला की सहज,
ते मला त्याच्या पाठीवरून कळलं नाही.

घरी बायकोने विचारलं, कोण जिंकलं?
घसा पार बसला होता.
बोटाने स्वतःकडे दाखवलं.
तिने न विचारता मिठाचं पाणी ठेवलं गॅसवर,
आणि मी वामनचा नंबर शोधत बसलो,
फोन लागला तर
कुठल्या आवाजात बोलायचं याचा विचार करत.